गाडीचे स्टॉक (कंपनीने बसवून दिलेले) स्पीकर बदलावेत का? वाद घाला पण कामाचं बोला

कोकणवारी: सेकंडहँड हॅचबॅक घेतलीय, बेस मॉडेल. आवाज जरा वाढवला की फाटतो. दुकानदार म्हणतो अँड्रॉइड स्टिरिओ, चार स्पीकर, डिकीत बझूका (बेससाठी नळकांड्यासारखा मोठा स्पीकर), सगळं ४० हजारात करून देतो. घरून विरोध आहे. काय करू?

हिशेबी: घरचे बरोबर आहेत. हायवेला टायर, वारा, एसी, वरून ट्रकचे हॉर्न, त्यात तुमचा महागडा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कुणाला ऐकू येणार? गाडी विकताना ह्या ४० हजारातले ४ पण सुटत नाहीत राव.

सुरेल: विकताना जुने स्पीकर परत बसवायचे न् नवे पुढच्या गाडीत, हाय काय त्यात. तयार जोडणीचे कपलर मिळतात, एकही वायर कापावी लागत नाही. पण दुकानदाराची यादी उलटी आहे. स्टिरिओ राहू द्या, आधी पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग करून घ्या, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणारे जाड शीट आतून चिकटवून घ्या. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात, स्पीकरच्या पाठीमागून निघालेला आवाज त्यातून पुढे येतो आणि पुढच्याच आवाजाला मारतो, बेस तिथेच संपतो. भोकं बंद करा, मग चांगले कॉम्पोनंट, म्हणजे मोठा स्पीकर आणि ट्वीटर वेगळे असलेला सेट. मागच्या दारांना एक रुपया घालू नका, मागे बसणारे झोपतात.

कोकणवारी: अँप (वेगळा अँप्लिफायर) लागेल का? स्टिरिओवर तर ५० गुणिले ४ लिहिलंय

सुरेल: ते पीक हो, क्षणभराची कमाल पॉवर. १२ व्होल्टवर सलग, आवाज न फाटता, चॅनेलला १५-२० वॅट मिळाले तरी खूप. अँप नको असेल तर सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला स्पीकर किती जोरात वाजतो ते) ९० डीबीच्या वर असलेले स्पीकर बघा, ३ डीबी जास्त म्हणजे निम्म्या वॅटात तेवढाच आवाज.

हिशेबी: घ्या, डॅम्पिंग झालं, कॉम्पोनंट झाले, आता अँप, मग डीएसपी (आवाज डिजिटली जुळवणारा डबा), ह्याला शेवट नाही. अहो आधी इक्वलायझर उघडून बघा, आधीच्या मालकाने बेस फुल करून ठेवला असेल. ६ डीबी चढवले की स्टिरिओकडून चौपट पॉवर मागितली जाते, ती त्याच्याकडे नसते, म्हणून फाटतो. शून्यावर आणा, फुकट काम.

सुरेल: फाटायचा थांबेल, मान्य. चांगला वाजेल असं नाही. एकदा डॅम्पिंग केलेल्या गाडीत बसून ऐका मग बोलू.

हिशेबी: बसलोय. दार बंद करताना धप्प आवाज छान येतो, गाणं तेच होतं.

जुना वायरमन: तुमचं चालू द्या, पण कोकणवारी, अँप घेतलाच तर बॅटरीवरून येणाऱ्या वायरचा फ्यूज बॅटरीजवळच लावून घ्या, वीत दोन वीत अंतरावर. बरेच जण अँपपाशी लावतात, मग मधे वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली की फ्यूज शाबूत आणि वायर पेटलेली. आणि बिल मागून घ्या. बाहेरून बसवलेलं सामान पॉलिसीत वेगळं दाखवावं लागतं, थोडा प्रीमियम वाढतो, नाही दाखवलं तर चोरीला गेल्यावर क्लेम विसरा.