अ‍ॅनिका सोरेनस्टाम पुरुषांच्या गोल्फ स्पर्धेत खेळली, ते बरोबर केलं का?

रानवारा : स्वीडनच्या अ‍ॅनिकाची 72 एलपीजीए (महिलांची व्यावसायिक गोल्फ मालिका) विजेतेपदं, 10 मेजर (सगळ्यांत मोठ्या स्पर्धा), आठ वेळा वर्षातली सर्वोत्तम खेळाडू. तरी लोकांच्या तोंडी पहिलं येतं ते 2003 सालचं कोलोनियल. टेक्ससमधल्या त्या पुरुषांच्या स्पर्धेत तिचा कट, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर पुढे खेळायला मिळण्याची मर्यादा, चार फटक्यांनी हुकला. मला याचा खरोखर राग येतो. बाईच्या खेळाला पुरुषांची पट्टी लावायची सवय त्या आठवड्यानं पक्की केली. ती तिथे जायलाच नको होती.

माळरान : अजिबात पटलं नाही. 1945 मध्ये अमेरिकेची बेब झहारियस खेळली, त्यानंतर पीजीए टूरवर (पुरुषांची व्यावसायिक मालिका) उतरलेली ही पहिली बाई. आघाडीचा गोल्फपटू विजय सिंगनं तर तिचा कट हुकावा असं उघड बोलून दाखवलं होतं. एवढ्या दडपणाखाली पहिल्या दिवशी 14 पैकी 13 फेअरवे (पहिला फटका जिथे पडायला हवा ती कापलेल्या गवताची पट्टी) गाठले आणि पार 70 च्या, म्हणजे 70 फटके अपेक्षित असलेल्या, कोर्सवर 71 मारले. नडलं ते पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलणं. लहानपणी जिंकल्यावर भाषण करावं लागू नये म्हणून मुद्दाम पट चुकवणारी बुजरी मुलगी ही! तिनं सगळ्या जगाचे कॅमेरे अंगावर घेतले, आणि तुम्ही म्हणता जायला नको होतं?

रानवारा : धैर्याबद्दल वादच नाही. पण तो कोर्स 7000 यार्डांहून लांब. जिथे पुरुष छोट्या आयर्ननं (कमी अंतराची काठी) ग्रीनवर (भोकाभोवतीची हिरवळ) चेंडू थांबवतात, तिथे तिला लांबचा क्लब, म्हणजे जास्त अंतराची काठी, काढावी लागायची. हा फरक शारीरिक ताकदीचा, कौशल्याचा नाही. कौशल्य बघायचं तर 2001 सालचं फिनिक्स बघा : एका फेरीत 59, सुरुवातीलाच सलग आठ बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी), एकूण 13, बोगी (एक फटका जास्त) एकही नाही.

सांजवेळ : पुढचं कुणीच बोलत नाही. कोलोनियलनंतर लगेच ती एलपीजीएवर परतली आणि जिंकली. जूनमध्ये एलपीजीए चॅम्पियनशिप, ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या रॉयल लिथम कोर्सवर महिलांची ब्रिटिश ओपन, आणि त्याबरोबर करिअर ग्रँड स्लॅमही, म्हणजे कारकिर्दीत प्रत्येक मेजर जिंकणं, पूर्ण. ती स्वतःला आजमावायला गेली होती, पुरुषांना हरवायला नाही.

माळरान : हेच तर! त्या दोन दिवसांनी ती आणखी कणखर झाली.

रानवारा : आधीच्याच वर्षी, 2002 मध्ये, तिनं एलपीजीएवर 11 स्पर्धा जिंकल्या होत्या. मग लिथमचं श्रेय टेक्ससला कशासाठी द्यायचं?