मदत हवी आहे: दृष्टान्त की अर्थान्तरन्यास?

दहावीच्या मुलांना अलंकार शिकवतेय, आणि तुकोबांच्या ‘लहानपण देगा देवा’पाशी गाडी अडलीय. गाइडांत सरसकट दृष्टान्त (म्हणजे तसाच दाखला देऊन मुद्दा पटवणं) म्हटलंय. ‘मुंगी साखरेचा रवा’ आणि ‘ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’ एवढ्यापुरतं ते पटतंही. पण लगेच पुढे ‘ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण’ येतं. ऐरावत हे विशेष उदाहरण, ही ओळ मात्र सामान्य विधान. विशेषावरून सामान्य सिद्धान्त म्हणजे तर अर्थान्तरन्यास ना?

व्याख्या पाठ आहेत, त्या नकोत. परीक्षेत दृष्टान्तच लिहायचं, हेही ठाऊक आहे (मार्क कोण सोडणार!). पण वर्गात एका मुलीने नेमकं हेच विचारलं. कडवं बदललं की अलंकार बदलतो, असं तिला सांगू का? आणि अनोळखी ओळीत दोन्ही वेगळे ओळखायची सोपी खूण कोणती?