नोत्र दाम: तिसऱ्या भागात अडकलेय, पुढे वाचू का?

शाईपेन:
व्हिक्टर ह्यूगोची नोत्र दामवाली (पॅरिसचं ते मोठं चर्च) कादंबरी वाचतेय, इंग्रजीतून. लहानपणी डिस्नेचा सिनेमा पाहिला तेव्हापासून काझीमोदो, त्या चर्चचा कुबडा घंटावाला, मनात घर करून आहे. सुरुवात मस्तच, 1482 चं पॅरिस, मूर्खांचा उत्सव वगैरे, पण तिसऱ्या भागात नुसतं चर्च नि शहराचं वर्णन, पानंच्या पानं, गोष्ट जागची हलत नाही. तो गाळला तर चालेल का?

पिंपळपान:
आत्ता गाळ गं, पण नंतर परत ये त्याच्याकडे. पुस्तक आलं 1831 ला, तेव्हा त्या चर्चची पार दैना झाली होती, आणि ह्यूगोला ते वाचवायचंच होतं. पुस्तक इतकं गाजलं की लोकांचं लक्ष गेलं आणि 1840 नंतर डागडुजी सुरू झाली. 2019 ला आगीत कोसळला तो उंच मनोरा त्याच डागडुजीतला.

उत्तररात्र:
सहावा भाग तरी चुकवू नकोस!! काझीमोदोचा खटला. तो बहिरा आणि न्यायाधीशपण बहिरा, न्यायाधीश नाव विचारतो, काझीमोदो गप्प, न्यायाधीशाला वाटतं उत्तर मिळालं, म्हणून पुढचा प्रश्न. शेवटी कारकुनाला दया येते, तो साहेबांच्या कानाशी जाऊन सांगतो की हा माणूस बहिरा आहे, तर साहेबांना ते ऐकूच येत नाही, काहीतरी नवा गुन्हा असेल समजून चौकात बांधून ठेवायची शिक्षा आणखी एक तास वाढवतात. मी तिथे पुस्तक मिटून बसले होते.

पिंपळपान:
आणि एस्मेराल्दाचा, त्या नाचणाऱ्या जिप्सी मुलीचा, खटला (स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढे वाचू नकोस). फीबस या सैनिकी कप्तानाच्या खुनासाठी तिला फाशी, आणि फीबस चांगला जिवंत! बरा होऊन परत नोकरीवर, एक शब्द बोलायला येत नाही कोर्टात. पण मुलगी जिप्सी, तिची बकरी डफावर पाय आपटून किती वाजले ते सांगते, म्हणजे चेटकीणच, ठरलं. पाय शिकंज्यात आवळल्यावर 16 वर्षांची पोर कबूल नाही करणार तर काय. सिनेमातला गोड शेवट डोक्यातून काढूनच टाक.

शाईपेन:
काल रात्री सहावा भाग संपवला. काझीमोदोला चौकात बांधून फटके मारलेत, तो पाणी पाणी करतोय, लोक दगड मारतायत, आणि ज्या मुलीला त्याने पळवायचा प्रयत्न केला होता तीच, एस्मेराल्दा, वर चढून पाणी धरते. त्याच्या डोळ्यातून एक थेंब येतो आणि तो पाणी प्यायचंच विसरतो.