जंगलातली उभी चढण: सहा किलोमीटरला किती वेळ धरायचा?

घामाघूम:
नमस्कार मंडळी. दाट जंगलातून वर जाणारी एक वाट करायची आहे. एका बाजूने 6 किमी, एकूण चढ 900 मीटर, त्यातला 600 मीटर शेवटच्या दोन किमीत. मित्र म्हणतो, सपाटीवर तासाला पाच किमी चालतोस, मग सव्वा तासात माथ्यावर. मला काही ते पटत नाहीये. शिवाय उतरताना एक गुडघा कुरकुरतो, त्याचं काय करू?

रानवारा:
मित्राला न्या सोबत, पण वेळापत्रक त्याला आखू देऊ नका.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा ठोकताळा अजून चालतो: दर 5 किमीला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक. तुमचे झाले पावणेतीन तास, तेही बऱ्या वाटेवर, न थांबता, धडधाकट माणसाला. मुळं, ओले दगड, आडवी पडलेली झाडं आणि दम खाणं जमेस धरून मी चार म्हणेन. शेवटच्या दोन किमीत पाऊल छोटं टाका. बोलता बोलता चालता आलं पाहिजे; शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला.

उतरायला निम्मा वेळ लागतो हे डोक्यातून काढा. उभ्या उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, सतत ब्रेक दाबून ठेवल्यासारखे. म्हणून तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कण्हतो! गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नका. ट्रेकिंगच्या काठ्या घ्या, उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवा. माथ्यावरून निघण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळा, नाहीतर अंगठा पुढे आपटून नख काळंनिळं होतं. आणि साल निघालेल्या ओल्या मुळावर पाय द्यायचाच नाही, ओलांडून पलीकडे. शेवाळलेला दगड निदान हिरवा दिसतो तरी, मूळ मेलं साळसूद.

पायवाट:
वरच्याशी सहमत. भर एवढीच की झाडीत सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. मागे फिरायची वेळ निघतानाच ठरवा. माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला फिरा. हेडलॅम्प हवाच. रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं, पण नकाशा आधी डाउनलोड केलेला पाहिजे. दाट पानांखाली तो ठिपका थोडा भरकटतो, घाबरू नका.

नागमोडी वळणं तोडून सरळ खाली घुसू नका. माती सुटते आणि पावसात तिथूनच पाणी वाट कापत जातं.

घामाघूम:
खूप आभार दोघांचे. काठी एकच आहे, चालेल?

रानवारा:
चालेल. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, उजवा असेल तर डाव्या. सूज येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, मग जंगल.