मदत हवी आहे: हेल क्रीकच्या गाळातले मणके सॅलमँडरचे की माशाचे?

मंडळी, नमस्कार. मी डेन्व्हरला राहतो आणि दर शनिवारी एका संग्रहालयात फुकट राबायला जातो. काम तांदूळ निवडण्यासारखंच. माँटानातल्या हेल क्रीक थरांची माती भिजवून बारीक चाळणीतून धुतात. उरलेली कच ताटलीत पसरायची, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक हाड उचलायचं. माल सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. ट्रायसेराटॉप्ससारखे डायनोसॉर दुसऱ्यांच्या टेबलावर, माझ्याकडे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे. आपल्या वरळीच्या खडकातले बेडूक निदान अख्खे सांगाडे तरी देतात!

परवा मी ११ मणके सॅलमँडरच्या (सरड्यासारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर) कुपीत टाकले. प्रमुख बाईंनी त्यातले ४ माशाचे म्हणून चिमट्याने बाहेर काढले आणि मी ‘का’ विचारायच्या आत निघूनही गेल्या. दोन्ही टोकांना वाटीसारखा खोलगटपणा तर सगळ्यांनाच आहे. मग ओळखायचं कसं? शिवाय जबड्याचा एक तुकडा आहे. त्यावरच्या दातांना तीन-तीन टोकं दिसतात. तोही सॅलमँडरच ना? फोटो सोबत जोडले आहेत.

चाळणीबाई: वाट्या बघत बसू नका, मज्जारज्जूवरची हाडाची कमान बघा. सॅलमँडरची वरची कमान खालच्या भागाशी एकजीव असते, आणि बाजूला बरगडी धरणारे दोन-दोन खुंट. माशाची कमान बहुधा गळून पडते, हाती राहतो नुसता डमरू. मागच्या टोकाला गोळा असेल तर सरडा समजा. गोळा पुढे आणि त्याच्या मधोमध खळगा असेल तर ऑपिस्थोट्रायटन हा नामशेष सॅलमँडर असू शकतो. स्काफर्पेटॉन या दुसऱ्या नामशेष सॅलमँडरला मात्र दोन्हीकडे वाट्याच.

मधल्या मणक्यांवरून फार पुढे जाता येत नाही. मानेचा पहिला मणका मिळाला तर जपा. कवटी टेकायच्या दोन वाट्या आणि त्यांच्यामधून पुढे आलेली जीभ, असा दिसतो. प्रजाती ठरवायला तोच सर्वांत कामाचा.

आणि चुकलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. शॉयख्झर या स्विस अभ्यासकाने १७२६ मध्ये महाकाय सॅलमँडरचा सांगाडा समोर ठेवून तो जलप्रलयात बुडालेला माणूस ठरवला होता. कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८११ मध्ये दगड कोरून पुढचे पाय उघडे केले, तेव्हा कुठे तो वाद मिटला.

धागाकर्ता: आभार! फोटो पुन्हा तपासले. माशाचे ४ नाहीत, ५ निघाले. उरलेल्यांतल्या एकाची कमान शाबूत आहे पण दोन्ही खुंट मुळातून तुटलेत. त्याला कुठे ठेवू?

चाळणीबाई: ‘अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या कुपीत. माझ्याकडे त्याच कुप्या जास्त आहेत. तीन टोकांचे, छिन्नीसारखे दात म्हणजे अल्बानर्पेटॉन या नामशेष उभयचराचा संशय येतो. पूर्वी त्यांना सॅलमँडरांतच मोजायचे, आता वेगळा गट मानतात. त्यांच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू हनुवटीशी खाचेत खुंटी बसावी तशा अडकतात. तुमच्या फोटोत नेमकं तेच टोक कापलं गेलंय. आतल्या बाजूने पुन्हा काढून टाका.