मदत हवी आहे: मोर्सींना हटवणं बरोबर होतं का?

मंडळी, आमच्या वाचनगटात अरब देशांतल्या उठावांवर चर्चा आहे आणि इजिप्तचा विषय माझ्या गळ्यात पडलाय. फेब्रुवारी २०११ मध्ये लोकांच्या उठावामुळे राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले, तिथपर्यंत ठीक. घोडं अडतंय ते पुढे.

जून २०१२ मध्ये मोहम्मद मोर्सी जेमतेम ५१.७ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. नोव्हेंबरात त्यांनी फर्मान काढून स्वतःचे निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले (लोक भडकणारच!). ३० जून २०१३ ला प्रचंड गर्दी रस्त्यावर उतरली आणि ३ जुलैला लष्करानं त्यांना हटवलं. लष्करप्रमुख सिसींनी टीव्हीवर ही घोषणा केली तेव्हा तिथे अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख शेख, तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप आणि शांततेचं नोबेल मिळवलेले अल बरादेईसुद्धा बसलेले होते. पुढे १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकात सुरक्षा दलांनी मोर्सींच्या बाजूनं बसलेली शेकडो माणसं मारली. बरादेईंनी त्याच दिवशी नव्या सरकारातलं उपाध्यक्षपद सोडलं.

आता २०११ ची गर्दी म्हणजे जनता आणि २०१३ ची म्हणजे लष्कराचं प्यादं, हे कोणत्या निकषावर ठरवायचं? मला वाटतं, मतपेटीतून आलेल्याला मतपेटीनंच घालवावं. पण फर्मानानंतरही मुदत संपेपर्यंत थांबा, हे तिथल्या माणसाला सांगायचं कुठल्या तोंडानं? आणि राजीनामा दिला म्हणून बरादेई जबाबदारीतून सुटले का?

यावर मराठीत काही वाचलं असेल तर सुचवा. त्या काळात कैरोत नोकरीला असलेलं कुणी इथे असेल तर फारच उत्तम. 'त्या देशांत लोकशाही रुजतच नाही' छापाची उत्तरं मात्र कृपया नकोत.