एनएफएस: मालक 'नोबडी' दिसतो आणि वीज गेल्यावर फाइली रिकाम्या

प्रश्न
लिनक्स सर्व्हर, एनएफएस ४.२ (नेटवर्कवरून फाइली वाटून वापरण्याची पद्धत), क्लायंटही लिनक्स. एक्सपोर्टचे (सर्व्हरने फोल्डर वाटण्याचे) पर्याय: आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं), असिंक, रूट_स्क्वॉश (क्लायंटच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, नोबडी बनवणं). क्लायंटवर एलएस -एलने यादी काढली की सगळ्या फाइलींचा मालक नोबडी (अनोळखी युजर), पण लिहिता येतं. शिवाय सर्व्हरची वीज गेल्यावर, सेव्ह झालेल्या काही फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. दोन्हींचं मूळ एकच का?

उत्तर १
नाही, एकमेकांशी संबंध नाही.

रिकाम्या फाइली असिंकमुळे. एरवी क्लायंट डेटा पाठवून मग कमिट (डिस्कवर पक्कं लिहिण्याची हमी) मागतो, आणि सर्व्हरने डिस्कवर उतरवल्याचा होकार आला की मगच आपल्या मेमरीतली प्रत सोडतो. मध्ये सर्व्हर रीबूट झाला तर त्याचा व्हेरिफायर (उत्तरासोबत येणारी खूण) बदलतो. त्यावरून क्लायंटला कळतं आणि तो डेटा पुन्हा पाठवतो. असिंकमध्ये सर्व्हर डेटा मेमरीत असतानाच होकार देऊन मोकळा होतो. प्रत गेली, पुन्हा पाठवणार काय? प्रोग्रामने एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवण्याची मागणी) केलं असेल तरी तोच खोटा होकार मिळतो. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलीत असिंकऐवजी सिंक लिहा आणि बदल लागू करायला एक्सपोर्टएफएस -आरए चालवा. क्लायंटच्या माउंटमधला सिंक हा निराळा पर्याय. त्याने वेग जाईल, हे दुखणं नाही.

नोबडीचं म्हणाल तर आयडीमॅपडी.कॉन्फ (युजरची नावं आणि आकडे जुळवणाऱ्या सेवेची फाइल) यातलं डोमेन दोन्हीकडे सारखं करा. सर्व्हर 'नाव@डोमेन' पाठवतो, ते जुळलं नाही की नोबडी. परवानगी सेक=सिसमध्ये (क्लायंटने सांगितलेली ओळख मानणाऱ्या सुरक्षा पद्धतीत) यूआयडीच्या, म्हणजे युजरच्या, आकड्यावर ठरते, म्हणून लिहिता येतंय. बदलानंतर क्लायंटवर एनएफएसआयडीमॅप -सी चालवून साठवलेल्या नोंदी पुसा, नाहीतर जुनी नोंद १० मिनिटं तशीच राहते.

उत्तर २
डोमेनला हात लावण्याआधी सर्व्हरवर एलएस -एन करा (मालक आकड्यात दिसतो). आकडा ६५५३४ (नोबडीचा) असेल तर मालकी डिस्कवरच तशी लिहिली गेली आहे: काम रूटने चालतंय आणि रूट_स्क्वॉश त्याला नोबडी करतोय, किंवा कुठेतरी ऑल_स्क्वॉश (सगळ्याच युजरना नोबडी करणारा पर्याय) आहे. तिथे डोमेन बदलून काही होणार नाही. काम साध्या युजरने चालवा, जुन्या फाइलींना सर्व्हरवरच चाऊन करा (मालक बदला). नो_रूट_स्क्वॉश हा सोपा पण वाईट उपाय.

खरे यूआयडी दिसले तर सर्व्हरच्या एनएफएसडी मॉड्यूलचा एनएफएस४_डिसेबल_आयडीमॅपिंग तपासा. तो मुळात वाय (चालू) असतो, म्हणजे सेक=सिसमध्ये नावं जातच नाहीत, आकडे जातात. कुणीतरी एन (बंद) केला असेल तरच डोमेनचा घोळ.

उत्तर ३
सिंक केल्यावर छोट्या फाइलींचा टार (एकत्र बांधलेला गठ्ठा) सोडवणं प्रचंड मंदावेल, कारण प्रत्येक नवी फाइल डिस्कची वाट पाहते. तेव्हा परत असिंककडे वळू नका. फाइलसिस्टीमचं जर्नल (बदलांची आधी नोंद होते ती जागा), झेडएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर स्लॉग (तिची तशीच वेगळी नोंद-डिस्क), पॉवर-लॉस संरक्षण असलेल्या एसएसडीवर ठेवा. रेड कार्डवर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डवर) राइट-बॅक (आधी कार्डच्या मेमरीत लिहून होकार देणं) चालू असेल तर त्याची बॅटरी जिवंत आहे ना ते बघा. ती मेलेली असेल तर सिंक लावूनही वीज गेल्यावर डेटा जाऊ शकतो.